चेक इंजिनचा दिवा : कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालतेय, आवाज नेहमीचाच आहे, पिकअपही आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात आणि पडद्यावर पी-०१७१ उमटतं. अर्थ असा, की इंजिनातलं मिश्रण फार पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हे कोण ओळखतं? ऑक्सिजन सेन्सर. मग तोच गेला असणार, असा हिशेब होतो. नवा सेन्सर बसतो, कोड उडवतात, दिवा विझतो. थोड्या दिवसांनी तो पुन्हा लागतो. आता इंजेक्टर साफ करायचं ठरतं, नंतर पेट्रोल पंप बदलायचं. यात कुणी कुणाला फसवलेलं असतंच असं नाही. कोडकडे बिघडलेल्या पार्टचं नाव म्हणून पाहिलं गेलं, एवढंच झालेलं असतं. पण कोड पार्टचं नाव सांगतच नाही. गाडी चालू असताना इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, एकामागून एक चाचण्या घेत असतो. त्यातली कुठली चाचणी नापास झाली, तेवढं कोड सांगतो. ती का नापास झाली, हे शोधायचं काम माणसाचं आहे आणि ते पार्ट न बदलता बऱ्याच अंशी करता येतं.

या चाचण्या मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मल्या नाहीत. त्यांचं मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत आहे. १९४०च्या दशकात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरू लागलं. एरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं, की न जळलेल्या इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि हा माल पुरवण्यात मोटारींचा मोठा हात आहे. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झालं. हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळापुढे एक अडचण होती. कारखान्यातून निघताना स्वच्छ असलेली गाडी चार-पाच वर्षांनी कितीतरी जास्त विष ओकू शकते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उपाय असा निघाला, की गाडीने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवावं आणि बिघाड झाला तर दिवा लावून सांगावं. १९८८च्या मॉडेलपासून तिथे हे सक्तीचं झालं. पण प्रत्येक कंपनीचा सॉकेट वेगळा, कोड वेगळे. तो गोंधळ या स्वतपासणीच्या (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे ओबीडी) दुसऱ्या आवृत्तीने, ओबीडी-२ने मिटवला. १९९६च्या मॉडेलपासून ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून. आपल्याकडे भारत स्टेज-४ बरोबर २०१० साली पहिला टप्पा आला आणि २०१३ मध्ये दुसरा. स्टिअरिंगखालचा तो सोळा पिनांचा सॉकेट, ज्यात आज कुठलाही स्कॅनर बसतो, तिथून आला आहे.

हा इतिहास लक्षात ठेवला की दिव्याचं वागणं कळतं. गाडीला त्रास होतोय का, यापेक्षा धूर मर्यादेबाहेर जाईल का, याची त्याला जास्त काळजी असते. अमेरिकी नियमात बऱ्याच चाचण्यांची रेघ प्रदूषणाच्या मर्यादेच्या दीडपट ओढलेली आहे. म्हणून गाडी लोण्यासारखी चालत असतानाही दिवा लागू शकतो. "चालतेय ना, मग राहू दे" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की तो धूर आपल्याच मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकात जातो. पीयूसीचं प्रमाणपत्र खिशात आहे म्हणूनही निश्चिंत राहू नये. ती तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी त्या घटकेला काय निघतंय ते मोजते. रस्त्यावर चालताना ईसीयूला जे दिसतं ते तिला दिसत नाही.

कोडची रचना सोपी आहे आणि पोस्टाच्या पिनकोडसारखी वाचता येते : पहिल्या अंकावरून मोठा विभाग कळतो, पुढच्या अंकांनी गल्ली जवळ येते. सुरुवातीचं अक्षर पी असेल तर मामला इंजिन-गिअरबॉक्सचा, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचा, बी म्हणजे बॉडीतला, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या संपर्काचा. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागी एक किंवा दोन असले तर इंधन आणि हवा, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसिंग, चार म्हणजे धूर कमी करणारी यंत्रणा, सात म्हणजे गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमकी चाचणी सांगतात. पिनकोडने आपण पोस्ट ऑफिसपर्यंत पोहोचतो, घराच्या दारापर्यंत नाही, हेही इथे लागू आहे.

कोड वाचल्यावर पहिला मोह तो उडवण्याचा होतो. तो आवरावा, कारण कोडपेक्षा मोलाची गोष्ट त्याच्यासोबत जपून ठेवलेली असते. कोड पक्का होतो त्या क्षणी ईसीयू इंजिनाची स्थिती टिपून ठेवतो : वेग किती, आरपीएम किती, कूलंट किती गरम, इंजिनावर भार किती, पेट्रोलची दुरुस्ती किती चालली होती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड सिग्नलला उभं असताना झाला की घाट चढताना, थंड इंजिनात की तापलेल्या, हे यातून कळतं आणि निम्मी शोधाशोध वाचते. कोड उडवला की फ्रीझ फ्रेमही जाते. बॅटरीची वायर काढली तरी अनेक गाड्यांत तेच होतं. बहुतेक चाचण्यांत पहिल्या फेरीत नापास झालं की कोड फक्त तात्पुरता नोंदला जातो. पुढच्या फेरीतही नापास झालं, तरच तो पक्का होऊन दिवा लागतो. म्हणून कोड उडवल्यावर दोन-तीन दिवस दिवा लागला नाही, यावरून गाडी दुरुस्त झाली असं ठरत नाही. चाचणी कदाचित अजून घेतलीच गेलेली नसते.

आता पी-०१७१कडे नीट पाहू, कारण या एका कोडात निदानाची सगळी पद्धत आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. ईसीयू आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेतो, त्याप्रमाणे इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडे ठेवतो आणि धुरातला ऑक्सिजन पाहून आपला अंदाज तपासतो. ऑक्सिजन जास्त उरला तर पेट्रोल वाढवतो, उरला नाही तर कमी करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत मोजतात आणि तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. एक क्षणाक्षणाला बदलणारी, दुसरी सावकाश शिकून लक्षात ठेवलेली. निरोगी गाडीत दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असते. ती अधिक वीस-पंचवीसच्या घरात जाऊन तिथेच बसली, की ईसीयू म्हणतो, मी इतकं पेट्रोल वाढवतोय तरी ऑक्सिजन उरतोच आहे. हाच पी-०१७१.

म्हणजे ऑक्सिजन सेन्सर इथे बहुधा साक्षीदार असतो, आणि तो खरंच सांगतोय असं धरून पुढे जावं. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि फोनवरचं ॲप एवढ्या सामग्रीवर ट्रिम जागच्या जागी दिसते. इंजिन तापू द्यावं, आयडलला आकडा पाहावा, मग आरपीएम अडीच हजारांवर धरून पुन्हा पाहावा. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला ट्रिम खूप वर आणि अडीच हजारांवर जवळजवळ ठीक असेल, तर न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय : चिरलेला होज, मॅनिफोल्डचं दबलेलं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी. फट तेवढीच राहते. आयडलला इंजिन घेतंच थोडी हवा, म्हणून तिचा हिस्सा मोठा ठरतो, आणि आरपीएम वाढले की तो नगण्य होतो. उलट आयडलला ठीक आणि भार वाढेल तशी ट्रिम चढत गेली, तर पेट्रोल पुरत नाहीये : फिल्टर चोंदलाय, पंप दमलाय, किंवा एमएएफच्या तारेवर धूळ बसून तो हवा कमी सांगतोय. एका आकड्याच्या दोन वाचनांनी संशयितांची यादी अर्धी होते, आणि यात एक पैशाचाही पार्ट लागत नाही.

मात्र आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशेब करतात. अशा गाडीत फटीतून शिरलेली हवाही दाबात दिसते, ईसीयू तिच्यासाठी पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होण्याऐवजी आयडलचे आरपीएम वाढतात. परदेशी व्हिडिओ पाहून अशा गाडीत आधी हवेची गळती शोधत बसणारे म्हणूनच दमतात. इथे पी-०१७१ आला तर आधी पेट्रोलचा दाब गेजने मोजावा.

ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो, हेही विसरू नये. त्याच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला भेग असेल, तर धुराच्या दोन झोतांमधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल, तर त्याच्यातली हवा न वापरता तशीच बाहेर येते. दोन्ही वेळा सेन्सर ऑक्सिजन पाहतो, ईसीयू मिश्रण पातळ समजतो आणि चांगल्या सिलिंडरांनाही जादा पेट्रोल पाजतो. म्हणून मिसिंगचा आणि पातळ मिश्रणाचा कोड एकत्र आले, तर आधी मिसिंग बघावं.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि मुंबई-पुण्यात त्या थोड्या नाहीत. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत पेट्रोलच्या ईसीयूने काढलेली इंजेक्टरची वेळ गॅसचा संगणक उचलतो आणि स्वतःच्या हिशेबाने गॅस सोडतो. गॅसचं ट्यूनिंग चुकलेलं असेल, गॅस फिल्टर भरला असेल किंवा रिड्यूसर दाब देत नसेल, तर त्याचं खापर पेट्रोलच्या ईसीयूच्या ट्रिमवर फुटतं आणि कोड पेट्रोल यंत्रणेच्या नावाने येतो. तपासण्याची रीत साधी आहे : ट्रिम आधी पेट्रोलवर पाहावी, मग गॅसवर. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर बिघडत असेल, तर पेट्रोलच्या बाजूला हात लावायचं कारण नाही. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही जुन्या गाड्यांची ट्रिम काही टक्के वर सरकते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्याला जळायला नऊ भाग हवा पुरते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. एवढ्याने कोड येऊ नये. पण पंप आधीच थोडा दमलेला असेल, तर उरलेली सवड त्यात संपू शकते. आपल्या उसातून निघालेलं इंधन घरच्या गाडीच्या ट्रिममध्ये आकड्याने दिसतं, हे मला फार आवडतं.

मिसिंगचे कोड पी-०३००पासून सुरू होतात. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी-०३०२ म्हणजे दुसरा. शून्य-शून्य असेल तर मिसिंग एका जागी नाही. ईसीयूला हे कळतं क्रँकशाफ्टच्या वेगावरून. प्रत्येक स्फोटाने क्रँकला बारीकसा धक्का मिळतो. एखादा धक्का चुकला की वेग क्षणभर मंदावतो आणि क्रँक सेन्सर तो टिपतो. इथे दिव्याची एक खूण सगळ्यांना माहीत असायला हवी. तो स्थिर लागला असेल तर गॅरेजपर्यंत गाडी नेता येते. तो लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडावा, सुरक्षित जागी थांबावं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत असतं, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा लेप असलेला तो भाग ठिणगी पाडणाऱ्या एका कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो.

शोध मात्र सोपा आहे. पहिल्या सिलिंडरचा कोड असेल तर त्याची कॉइल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची पहिल्याला लावायची. कोड लिहून ठेवून उडवायचा, गाडी फिरवायची. आता पी-०३०३ आला तर कॉइल दोषी. पहिल्याचाच राहिला तर कॉइल सुटली. मग प्लगची अदलाबदल, नंतर इंजेक्टरची. त्यानंतरही पहिलाच सिलिंडर रडत असेल, तर कॉम्प्रेशन मोजायचं. सीएनजीवर बरीच चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. तिथे कितीही कॉइल बदलल्या तरी उपयोग नसतो. गॅसला ठिणगीही जास्त जोरकस लागते, म्हणून पेट्रोलवर चालून गेलेला जुना प्लग गॅसवर आधी उघडा पडतो.

पी-०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. त्याच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर, मागे एक. पुढच्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९च्या दरम्यान खालीवर उड्या मारतं. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो-सोडतो आणि मागचं व्होल्टेज जवळपास स्थिर राहतं. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की चाचणी नापास. इतका महाग भाग मागवण्याआधी पाइपची गळती पाहावी आणि मुळातले मिसिंगचे, तेल जळण्याचे आजार मिटवावेत. ते तसेच राहिले तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल.

तापमानाच्या कोडांत आपल्याकडची एक जुनी सवय आड येते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत होती, अजूनही कुठे कुठे आहे. मग इंजिन ठरलेल्या वेळेत तापत नाही, ईसीयू त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि पी-०१२८ येतो. इथे नवा सेन्सर लावून काही होत नाही, थर्मोस्टॅट परत बसवावा लागतो.

वायरिंगचे बिघाड सगळ्यात जास्त छळतात आणि पावसाळ्यात ते वाढतात. कपलरमध्ये पाणी जातं, अर्थिंग गंजतं, आणि बॉनेटखालच्या उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात. एकाच वेळी पाच-सहा सेन्सरचे कोड आले, तर पाच-सहा सेन्सर एकदम गेले असं मानू नये. त्या सगळ्यांत सामाईक काय आहे ते पाहावं : एकच अर्थिंग, एकच पाच व्होल्टची पुरवठा वायर, कमकुवत बॅटरी. एका सेन्सरचाच कोड असेल तर सेन्सर की वायर, हे ठरवायची सुंदर चाचणी कूलंटच्या दोन वायरींच्या सेन्सरवर करता येते. पी-०११८ म्हणजे सर्किट तुटल्यासारखं दिसतंय. स्कॅनर अशा वेळी उणे ४० अंश दाखवतो, जे महाराष्ट्रात कुठेही शक्य नाही. कपलर काढून त्याच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडावं. स्कॅनरवर तापमान एकदम भडकलं, तर वायरी आणि ईसीयू दोन्ही शाबूत, सेन्सर बदला. आकडा हललाच नाही, तर वायर कुठेतरी तुटली आहे. मल्टिमीटर घ्या आणि शोधा. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करावी. तीन वायरींच्या कपलरमध्ये पाच व्होल्टची वायर असते; ती अंदाजाने कुठेही जोडली तर नवं दुखणं ओढवेल.

डिझेलबद्दल थोडक्यात. भारत स्टेज-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो, आणि ती काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळून तो स्वतःला साफ करतो. रोज दोन-तीन किलोमीटर शहरात फिरणाऱ्या गाडीला तेवढं तापायला वेळच मिळत नाही, मग काजळी साठल्याचा पी-२४६३ येतो. सुरुवातीलाच लक्ष दिलं तर हायवेवर एका लयीत अर्धा तास चालवून बहुधा भागतं. कोड उडवून तसंच शहरात फिरत राहिलं, तर फिल्टर काढून साफ करायची वेळ येते.

गॅरेजमध्ये ग्राहकाने एक प्रश्न विचारायची सवय लावावी : "दादा, हा पार्ट गेलाय हे कुठल्या टेस्टवरून ठरवलं?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने चिडत नाही. तो पेट्रोलचा दाब सांगतो, ट्रिमचा आकडा दाखवतो, कॉइल कुठून कुठे हलवली ते सांगतो. उत्तर "स्कॅनरने सांगितलं" एवढंच असेल, तर काम अजून सुरूच झालेलं नाही, असं समजून पैसे मोजण्याआधी दुसरं गॅरेज बघावं.

दुरुस्तीनंतरची तपासणीही आकड्यांनीच करावी. कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घेतलेली असली की तीच परिस्थिती पुन्हा उभी करता येते : बिघाड ८० अंश कूलंट, ६० किलोमीटर वेग आणि चढावर झाला असेल, तर तशाच चढावर गाडी न्यावी. मिश्रणाचा कोड होता तर ट्रिम शून्याकडे परतली का ते पाहावं. स्कॅनरमध्ये तात्पुरत्या कोडांचा वेगळा रकाना असतो, आणि चाचण्या पूर्ण झाल्या की नाहीत, याचाही. त्यात संबंधित चाचणी पूर्ण झाल्याचं दिसत असेल आणि तात्पुरत्या कोडांचा रकाना रिकामा असेल, तर गाडी मालकाच्या हाती द्यायला हरकत नाही.